फुली नसलेले फ्लास्क

परभणीतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. सेलूहून रोज रेल्वेनं यायचे. काम जिवाणूंवरचं. जिवाणूंकडून एखादं प्रथिन बनवून घ्यायचं असेल तर त्यांच्यात त्याचा जनुक घालतात, आणि जिवाणू पुरेसे वाढले की वरून एक औषध टाकून तो जनुक चालू करतात. मला ते औषधच नको होतं. आपली गर्दी झाली हे जिवाणूंनी स्वतः ओळखावं आणि जनुक आपोआप चालू व्हावा, अशी जुळणी मी करत होते. जनुक चमकणाऱ्या प्रथिनाचा होता, म्हणून तो चालू झाला की फ्लास्क निळ्या दिव्याखाली हिरवा चमकणार होता.

दुसऱ्या वर्षी तो चमकला, आणि पुढे दर वेळी चमकत राहिला. ही जुळणी नसलेला एक फ्लास्क मी तुलनेसाठी ठेवायचे, त्यावर फुली मारलेली असायची. तो कधीच चमकला नाही. मार्गदर्शक सरांनी खूश होऊन आमचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठवला.

प्रयोगशाळेत मदतीला एक मावशी होत्या. चुडाव्याहून यायच्या. शिक्षण चौथीपर्यंतच, पण पंधरा वर्षांत त्यांनी कितीतरी विद्यार्थ्यांची कामं सांभाळली होती. पुतणीच्या लग्नाला त्या आठवडाभर गावी गेल्या आणि माझे फ्लास्क चमकेनासे झाले. मी खाद्य बदललं, दिवा बदलला, तीनदा पहिल्यापासून केलं. काही नाही. मावशी परतल्या त्याच दिवशी फ्लास्क चमकला.

"मावशी, तुमचा पायगुण बघा!" मी म्हणाले.

त्या हसल्या. "पायगुण कशाचा ताई? औषध कोन टाकायलंय?"

"कुठलं औषध?"

"तेच की, फ्रिजमधलं. तुमी रोजच इसरायलात. बाराला तुमी तासावर जाता, पानी गढूळ झालं की मी टाकते. सर तुमाला बोलतील म्हनून गप ऱ्हायले."

"सगळ्यांत टाकता?"

"न्हाई वो. फुलीवाल्यात टाकायचं न्हाई, एवढं म्हाईत हाय मला."

पाणी गढूळ, म्हणजे जिवाणू पुरेसे वाढलेले. जुन्या पद्धतीचं बटण मी जिवाणूंमधून काढलंच नव्हतं, त्यामुळे औषधानं जनुक चालू होत होता. आधीच्या कुठल्यातरी विद्यार्थ्यानं शिकवलेलं काम मावशी चोख करत होत्या. औषध लागत नाही, हे त्यांना सांगावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

आठ दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. त्यातले दोन दिवस तर बाराला तासावर निघताना मावशींना 'टाकू नका' असंही म्हटलं नाही. परत येऊन हिरवा फ्लास्क पाहिला, वहीत 'आपोआप चमकला' अशी नोंद केली.

नवव्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निबंध मागे घेऊ. मावशीला कुणी काही बोलायचं नाही." त्या दोन नोंदींचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वही मिटली आणि माझ्यापुढे सरकवली.

जुनं बटण काढून जुळणी पुन्हा उभी करायला दीड वर्ष गेलं. अखेर फ्लास्क चमकला, पण फिका, आणि उशिरा, जिवाणू जवळजवळ दमल्यावर. प्रबंधात तेवढंच लिहिलं. तो मंजूर झाला.

मावशींना कुणी काही बोललं नाही. तरी त्यांना कळलंच. त्यानंतर त्यांनी माझ्या फ्लास्कला कधी हात लावला नाही. फरशी पुसायला आल्या तरी दारात थांबून विचारायच्या, "येऊ का ताई आत?"

"या ना मावशी, विचारताय काय," मी म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारायच्या.