सरांच्या संगणकातला पैलवान

"माह्यं डोकं आता चालत नाही बे," सर म्हणाले, तेव्हा ते हसत नव्हते.

गावी, उंद्रीला, आईवडिलांकडे गेलो की आधी सरांच्या घरी जायचं, असा माझा नेम आहे. त्या रविवारी ते संगणकापुढे बसले होते, पण संगणक बंद होता. बुद्धिबळाचा आणखी एक डाव ते हरले होते. इंटरनेटवरून परदेशातल्या माणसांशी चालणारा हा खेळ सावकाशीचा असतो. एकेका खेळीला दिवसच्या दिवस मिळतात, आणि संगणकाची मदत घ्यायला नियमांचीच परवानगी असते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सरांचा जीव त्यात होता.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाणी घेऊन आल्या. "विचार बरं यायले, शेजारची पोरं गणितं घेऊन येतात तं वापस काऊन पाठवतात. म्हनतात, मी चुकीचं शिकवीन. सारी जिंदगी गणित शिकवलं, अन् आता चुकीचं शिकवीन!"

"तू बुलढान्यालेच राहतं ना," सर मला म्हणाले. "डोक्याचा चांगला डॉक्टर कोन आहे ते पाय. एखादा डाव हारलो असतो तं गोष्ट अलग. हे लागोपाठ होऊन राह्यलं. यंत्र तं तेच आहे. मंग बिघडलं कोन? मीच."

सर आयुष्यभर फळ्यावर सिद्धता मांडत आले. ही सिद्धताही त्यांनी तशीच मांडली होती, आणि त्यातली चूक मला दिसत होती. यंत्र तेच होतं, हेच तर कारण होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील वांगी-मिरची लावायचे, अजूनही लावतात. माझी दहावी झाली तेव्हा सर आमच्या वावरात आले होते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहूनच म्हणाले, "याले सायन्सले टाका." वडील म्हणाले, "तुम्ही म्हनता तं टाकतो." पुढे एक प्रश्न विचारला नाही. आज मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतो. माझी भाकर त्या धुऱ्यावरच्या बोलण्यातून आलेली आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बैठकीत संगणक मी लावून दिला आणि त्यात बुद्धिबळाचं एक इंजिन टाकलं. इंजिन म्हणजे डाव पाहून चांगली खेळी सुचवणारा प्रोग्राम. "सर, याच्यापेक्षा तगडं जगात काही नाही," मी छाती फुगवून सांगितलं. सरांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "माह्या विद्यार्थ्यानं बसवून देल्ला. याले जोड नाही."

तेव्हा खरंच जोड नव्हती. पण त्या प्रोग्रामची आतली सगळी मांडणी कोणालाही वाचायला खुली आहे. बाकीच्या इंजिनांच्या कर्त्यांनी ती वाचली, पटलं ते उचललं, आपले डावपेच त्यात घातले. काहींनी आपलं इंजिन स्वतःशीच खेळवून खेळवून शिकवलं. पहिल्या क्रमांकाचा गडीही बसून राहिला नाही, त्याच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या, तरी मागचे जवळ येत गेले. लोक क्रिकेटचा स्कोअर पाहतात तसा मी हे सगळं मोबाइलवर पाहायचो. एखाद्या नव्याने त्या अव्वल गड्याला डावामागून डाव बरोबरीत अडकवलं की मला फार आनंद व्हायचा. मुरलेले खेळाडू आता दोन-तीन इंजिनं शेजारीशेजारी चालवतात, आणि त्यांचं आपसात जिथं जमत नाही तिथं स्वतः डोकं लावतात. हे सारं मला माहीत होतं. सरांच्या टेबलावर मात्र मी बसवलेली तीच जुनी आवृत्ती होती. तिला आता तिच्याच घरातल्या धाकट्यानं सहज लोळवलं असतं.

सरांच्या जुन्या संगणकावर नवी आवृत्ती चालणार नव्हती. दुसरं मशीन न्यावं लागणार होतं. पुढच्या खेपेला पाहू, असं मी दर खेपेला मनाशी म्हणायचो. शिवाय सरांना त्या पैलवानाचा एवढा अभिमान, की मी दिलेली वस्तू शिळी झाली हे सांगायला जीभ उचलत नसे. विद्यार्थ्यानं सांगितलंय म्हणून सर विचारत नव्हते, आणि ते सर आहेत म्हणून मी बोलत नव्हतो.

त्या रविवारी तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "वय झालं की थोडं होतंच, सर."

उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी त्यांनी मान हलवली.

निघताना त्यांनी मला हरलेला डाव दाखवला. "इथं मले घोडा बळी द्यावा वाटत होता. पैलवान म्हने, नको. आयकलं त्याचं."

बुलढाण्याला येऊन मी तो डाव दोन इंजिनांपुढे ठेवला. एक अव्वल गड्याची नवी आवृत्ती, दुसरं त्याच्या पाठीला लागलेलं एक प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्यानं घोडा देण्याची खेळी पहिली ठेवली. नव्या आवृत्तीनं बराच वेळ घेऊन ती दुसरी ठेवली. घोडा दिला असता तर डाव हरत नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. माझ्या पैलवानाला जे दिसलं नव्हतं, ते सरांना दिसलं होतं.

पुढच्या रविवारी मी माझं मशीन घेऊन गेलो. "तुमच्या मशीनमध्ये धूळ फार झाली, सर. काही दिवस हे वापरा," असं म्हणून त्यात पैलवानाची नवी आवृत्ती लावून दिली. पडदा आधीसारखाच दिसेल एवढी काळजी घेतली. बाकी काही बोललो नाही.

सर हरायचे थांबले. डाव पुन्हा बरोबरीत सुटू लागले. नेमकं त्याच सुमारास काकूंनी मेडिकलमधून ब्राह्मीचं सिरप आणून त्यांना सुरू केलं होतं. सगळं श्रेय त्या बाटलीला गेलं. सर बसस्टँडवर भेटेल त्याला ते घ्यायला सांगू लागले. माझ्या वडिलांनीही एक बाटली आणली.

"तुले बी आनू का?" वडिलांनी मला विचारलं.

"मले कायले?"

"बोलता बोलता गप होतं तू आजकाल. पाय बाप्पा, नोकरीचं डोकं आहे तुहं."

हसून मी विषय बदलला. वाटलं, सर सावरले, आता कशाला उकरून काढायचं? पण पूर्वी सर पडद्याशी भांडायचे, "अरे लेका, हे प्यादं दिसत नाही का तुले," असं मोठ्यानं म्हणायचे. ते ऐकू येईना. एकदा मी विचारलं, "पैलवानाशी भांडण मिटलं वाटतं, सर?"

"कायचं भांडन? तो म्हनते ते टाकतो. माह्यं डोकं लावलं की हारतो, हे पाह्यलं ना आपन."

तेवढ्यात शेजारचा एक पोरगा वही घेऊन दाराशी आला. सरांनी बसल्या जागेवरून हात हलवला आणि तो परत गेला. काकू भाजी निवडत राहिल्या. त्यांनाही आता त्याची सवय झाली होती.

मग मी सांगितलं. जुना पैलवान केव्हाच मागे पडला होता, ते मला माहीत होतं, मशीन मी त्यासाठीच बदललं, घोड्याची खेळी चुकीची नव्हती, आणि वयाचं मी उगाच बोललो. सगळं खाली मान घालून, एका दमात.

काकूंनी कपाटावरची सिरपची बाटली उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि परत जागेवर ठेवली.

"म्हंजे तू वय झालं म्हनला," सर सावकाश बोलले, "तवा तुले मालूम होतं?"

"हो, सर."

"अन् मी डॉक्टर शोधून राह्यलो होतो."

"हो, सर."

वर्गात ते कधी कोणावर ओरडले नाहीत, इथंही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "घोडा बरोबर होता हे तुले कोन सांगतलं?"

"नव्या इंजिनांनी. एक म्हणतं पहिली खेळी तीच, दुसरं म्हणतं..."

"त्यायचं राहू दे. तू पाह्यला का डाव? सोता?"

मी पाहिला नव्हता. घोडा कुठं पडतो, त्यानंतर काय होतं, यातलं काहीही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आकडे तेवढे वाचले होते.

"नाही, सर."

सरांनी लाकडी पट काढला, डाव आठवून आठवून मांडला. एक सोंगटीही चुकली नाही. "मी घोडा देल्ला. खेळ."

मी घोडा मारला. त्यांचा उंट आला, मागून वजीर आला, माझा राजा पळू लागला. मी एक चाल मुद्दाम ढिली टाकली, तशी त्यांनी ती परत घ्यायला लावली. "मन राखू नको. मले हारवून पाय." मी खरं खेळू लागलो. आणखी काही चाली झाल्या आणि सरांचा हात पटावर थांबला. हत्ती आणावा की प्यादं पुढं टाकावं, असा पेच होता. काकूंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. बाहेर एक बस येऊन गेली.

"इथं मले दिसत नाही बे," सर हळूच म्हणाले.

मलाही दिसत नव्हतं. ती जागाच अवघड होती की खरोखर वय होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

"कठीण जागा आहे, सर," मी म्हणालो. "कोणालाही दिसणार नाही."

"तू तं असंच म्हनशीन," सर म्हणाले, आणि कपाळ तळहातावर टेकवून पुन्हा पटावर वाकले.