गोव्याची नव्हे, वेंगुर्ल्याची

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या पिशवीत कोकमाच्या सोलांची पुडी कोंबली आणि पोचल्यावर कार्ड टाक, एवढंच सांगितलं. रडली नाही. मीही नाही, गाडी सुटल्यावर मात्र खिडकीकडे तोंड करून बसले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. घाटकोपरला मावशीकडे राहायचं आणि अंधेरीला, विमानतळाजवळच्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागायचं ठरलं होतं.

सुरुवातीलाच घरी फोन लावून मागणाऱ्या एका पाहुण्याला बोलण्यावरून ऑस्ट्रेलियन समजून मी त्याला न विचारता सिडनीची वेळ सांगितली. तो न्यूझीलंडचा निघाला. ओरडला नाही, पण त्याचा आवाज असा थंड झाला की त्याला काय लागलं ते मला आतून कळलं. मावशीच्या चाळीत मला सगळे 'गोव्याची' म्हणायचे आणि मी रोज सांगायचे, गोव्याची नाही हो, वेंगुर्ल्याची. कोणाला फरक पडत नव्हता, मला पडायचा. मग मी कान देऊन ऐकायला लागले. 'फिश' म्हणताना ऑस्ट्रेलियाचा माणूस इ ओढतो, न्यूझीलंडचा ती गिळूनच टाकतो. पुढे पुढे तर चार शब्दांत देश ओळखायचे. सुपरवायझरबाई खूश, माझी नोकरी पक्की.

या भानगडीत माझं स्वतःचं बोलणं मात्र धुऊन निघालं. चाळीतली पोरं हसायची म्हणून आमचं मालवणी 'माका-तुका' आधीच सोडलं होतं, उरलंसुरलं हॉटेलच्या टेलिफोन बोर्डाने घालवलं. गाव सोडून आलेल्या तुम्हालाही ही भीती ठाऊक असेल. उद्या आपल्याच माणसांनी आपल्याला ओळखलं नाही तर?

एका सकाळी बोर्डावर माझ्यासाठीच वेंगुर्ल्याहून ट्रंककॉल आला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी घाईघाईने घेतला. मी म्हटलं, "हॅलो, आई, मी बोलतेय."

पलीकडून आई अगदी अदबीने म्हणाली, "बाई, माका माझ्या चेडवाकडे बोलूचा आसा."

मुलीशी बोलायचंय, असं ती मुलीलाच सांगत होती.

"आये, मीच बोलतंय गो."

"आता माझा चेडू वाटलस," ती म्हणाली, आणि बाबा बरे असल्याचं सांगून टाकलं.

आता आई नाही. गावचं घर भावाने पाडून नवं बांधलं, मी पक्की अंधेरीकर झाले. घर म्हणाल तर ज्यांच्याशी बोलताना तोंडात आपोआप 'माका' येतं, ती चार माणसं. पूर्वी बरीच होती.