सुलूताईचं स्थळ आणि मधली वाक्यं

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी जवळजवळ मोडलं, त्या महिन्यात माझा वाचून समजून घेण्याचा क्लास चालू होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.कॉम. झालो होतो आणि एम.बी.ए. व्हायचं डोक्यात घेतलं होतं. (एम.बी.ए. म्हणजे नक्की काय, हे आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही बेताचंच होतं.) प्रवेश परीक्षेतलं गणित जमायचं, पण उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहा म्हटलं की माझी वाट लागायची. एकाच उताऱ्यात मी इतका रमायचो, की बाकीचे चार तसेच राहायचे.

"तू शितं मोजत जेवतोस रे," क्लासचे सर म्हणाले. "अशाने ताट संपेल कधी?"

मग त्यांनी गुरुमंत्र दिला. आधी प्रश्न बघायचे. मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य वाचायचं. मधला सगळा भरताड, तिकडे ढुंकून बघायचं नाही. आणि उत्तर सापडलंच नाही तर 'उताऱ्यावरून सांगता येत नाही' या पर्यायावर बेधडक खूण करून पुढे सटकायचं.

मला हा मंत्र इतका लागू पडला की आठवडाभरात मी मासिकं, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं आणि शेजारच्या परबकाकांचं सोसायटीविरुद्धचं अकरा पानी निवेदन अशा सगळ्याचा फडशा पाडत सुटलो. परबकाकांनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "सुरुवात आणि शेवट उत्तम." काका भारावले. माझाही स्वतःवर विश्वास बसला.

अशात तात्यांचं पत्र आलं.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कुडाळजवळच्या आमच्या गावात राहायचे आणि तिथून दर महिन्याला एक इनलँड लेटर पाठवायचे. त्यात ते गायीच्या पान्ह्यापासून भाऊबंदकीच्या दाव्यापर्यंत सगळं बसवायचे, आणि जागा संपली की कडेकडेने उभं लिहायचे. आमच्याकडे रिवाज असा, की पत्र आलं की सगळ्यांनी बसायचं, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मोठ्याने वाचायचं, मग पुन्हा एकदा वाचायचं आणि मग भिंतीवरच्या तारेत खोचायचं. गावाची तेवढीच भेट.

या वेळी सगळे जरा जास्तच सावरून बसले होते. पत्रात तात्यांनी ताईसाठी सुचवलेल्या पवईच्या स्थळाचा निरोप असणार होता. ताई तेव्हा सत्तावीस वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आणि तिला ती नोकरी मनापासून आवडायची. आधीची अकरा स्थळं कांदेपोहे खाऊन, "लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल हं," असं सांगून गेली होती. ताईने जाहीर केलं होतं, की हे बारावं शेवटचं. यांनीही नोकरी सोडायला सांगितलं तर ती पुन्हा हातात ट्रे घेणार नाही.

"आप्पा, इकडे द्या," मी पत्र ओढून घेतलं. "मोठ्याने वाचण्यात वेळ जातो. तुम्ही आधी प्रश्न सांगा."

"कसले प्रश्न?" आप्पा म्हणाले.

"तुम्हाला काय हवंय ते विचारा. मी उत्तरं देतो. शास्त्रीय पद्धत आहे."

आप्पांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. क्लास लावल्याचं चीज होताना त्यांना दिसत होतं. "बरं. कार्यक्रम कधी?"

"येत्या रविवारी सकाळी दहा."

"माणसा किती?" आईचा प्रश्न.

"चार. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या. कांदेपोहेच."

"आणि माझ्या नोकरीचं काय म्हणतात?" ताईने विचारलं.

मी तिसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य पाहिलं. शेवटचं पाहिलं. "उताऱ्यावरून सांगता येत नाही," मी म्हणालो.

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे विषयच काढला नाही. म्हणजे सोडायचीच." ती उठून आत गेली. आईने नेहमीप्रमाणे पत्र पुन्हा वाचायला सांगितलं, तर आप्पा म्हणाले, "अगो, क्लासवाल्यान वाचल्यान मां? मगे झाला." आणि पत्र तारेत गेलं. एकूण कामाला दोन मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

रविवारी आईने सकाळीच चार डझन माणसांना पुरतील एवढे पोहे केले. घाबरली की तिचा हात सैल सुटतो, शिवाय त्या गडबडीत तिने मीठ दोनदा घातलं. परबकाकूंकडून कपबशा आल्या, काकांकडून खुर्च्या आणि खुर्च्यांबरोबर काका. ताई आईची मोरपिशी साडी नेसून खिडकीशी बसली. दहा वाजले. साडेदहा वाजले. अकराला पोहे दुसऱ्यांदा गरम झाले, साडेअकराला तिसऱ्यांदा. आता ते चमच्याने सुटेनात.

"वाट चुकले असतील," परबकाका म्हणाले.

"पवईहून घाटकोपरला येताना?" ताई म्हणाली. "राहू दे ना काका. हे स्थळ न बघताच पळालं. माझी एक फेरी वाचली." ती हसत म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरले होते.

आप्पांचं मात्र डोकं फिरलं. "तात्याला आत्ताच्या आत्ता उत्तर लिहितो. असली माणसं सुचवतो म्हणजे काय!" आता आप्पांची एक सवय होती. उत्तर लिहायचं तर आलेलं पत्र समोर ठेवून, कलमाला कलम. त्यांनी तारेतून पत्र काढलं, चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने सुरू केलं. साष्टांग नमस्कार झाला. गाय झाली. दावा झाला. तिसऱ्या परिच्छेदावर मात्र त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"'चि. सुलूच्या स्थळाकडील मंडळींची जत्रेत गाठ पडली. मुलाच्या आईचे म्हणणे असे की, मुलगी दाखवून घेणे त्यांना पसंत नाही. ज्या घरात राहायचे ते घर आधी मुलीनेच पाहावे. तरी तुम्ही सर्वांनी पवईस त्यांच्या क्वार्टर्सवर यावे. पोहे मुलगा स्वतः करणार आहे. सुलूने नोकरी सोडू नये अशी त्यांची अट आहे. कार्यक्रम रविवारी सकाळी दहा वाजता, त्यांची चार माणसे असतील, मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या.'"

आप्पांनी चष्मा काढला. मग तिघांनी आणि परबकाकांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"मुलीकडच्यांनी कुठे जायचं असतं का कधी?" मी पुटपुटलो. "'कुठे' हा प्रश्न तुम्ही कुणी विचारलाच नाही."

"मेल्या," आई म्हणाली, "तुका एक वाक्य जड झाला?"

ताईने मात्र आप्पांच्या हातातून पत्र घेतलं. नोकरीचं ते मधलं वाक्य तिने दोनदा वाचलं, पदर खोचला आणि म्हणाली, "रिक्षा बोलवा." मुलगी दाखवायला नाही, मुलगा बघायला आम्ही दोन रिक्षांतून निघालो. आईच्या मांडीवर पोह्यांचा डबा होता. परबकाका स्वतःच्या खुर्च्या सोडून का आले, हे आजतागायत कळलेलं नाही.

पवईला पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. मुलाचे वडील दारातच येरझाऱ्या घालत होते. मुलगा, म्हणजे आजचे आमचे भाऊजी, कंबरेला टॉवेल गुंडाळून कढईपाशी उभा होता आणि तोही तिसऱ्यांदा पोहे गरम करत होता.

"आम्हाला वाटलं, आमची अट तुम्हाला पटली नाही," त्याची आई म्हणाली.

"अट फार आवडली," ताई म्हणाली. "फक्त ती आज बारा वाजता कळली." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवून सगळी हकिगत सांगितली. मुलगा इतका हसला की त्याच्या हातातला झारा खाली पडला. तो हसताना ताई त्याच्याकडे बघत होती. माझ्या मते लग्न तिथेच ठरलं.

ताईने त्याचे पोहे चाखले. "मीठ?" तिने विचारलं.

"राहिलंच," तो म्हणाला.

ताईने आईचा डबा उघडला आणि सगळे पोहे त्याच्या कढईत ओतून ढवळले. अगदी बेताचे खारट झाले. आम्ही नऊ जणांनी कढई पुसून खाल्ली. परबकाकांनी दोनदा घेतले.

पुढच्याच रविवारी माझी परीक्षा होती. मी धडा शिकलो होतो. उताऱ्यातलं एकही वाक्य सोडायचं नाही, असं ठरवूनच बसलो. मागच्या पानावरच्या सूचनासुद्धा वाचल्या. दुसरा उतारा रंगात आला होता, तेवढ्यात घंटा झाली.

महिनाभराने एम.बी.ए.च्या संस्थेचं पत्र आलं. ताईच्या साखरपुड्याची खरेदी बघायला सगळे जमलेले होते, भाऊजीही होते. मी पाकीट फोडलं, नजर टाकली आणि घाईघाईने म्हणालो, "त्यांनी माझे आभार मानलेत. आणि उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा दिल्यात."

"हे पहिलं वाक्य आणि शेवटचं," भाऊजी म्हणाले. "आता मधलं वाच."