मंत्र्याला काढलं कोणी? ब्रायटन बीचची एक चौकशी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, अमेरिकेत नायगारा नको, लिबर्टीचा पुतळा नको. त्यांना हवी होती ब्रुकलिनमधली एक निवृत्त टायपिस्ट. कप्पाळ! पण या ऑक्टोबरमधली (२००७) ती सहल मजेची झाली, म्हणून लिहितेय.

झालं असं, की बाबा तरुणपणी मिन्स्कच्या ट्रॅक्टर कारखान्यात शिकायला होते. तिथला एक फोरमन पुढे पक्षाचा सचिव झाला, मग बेलारूसचा मंत्री, आणि ऐन भरात अचानक पायउतार. बाबा नागपुरात बसून दहा वर्षं त्याचं चरित्र लिहितायत. शेवटचं प्रकरण तेवढं अडलेलं: त्याला काढलं कोणी? पुढच्या रविवारी ते परत जाणार होते, पुस्तक छापायला द्यायचं होतं आणि ते अध्यक्ष असलेल्या कामगार संघटनेची बैठकही होती. सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, हात आमच्याकडे घसरून मोडलेला, त्या प्लास्टर निघेपर्यंत इथेच राहणार. ऑफिसात डबा खाताना मी हे सांगितलं, तर सहकारी पावेल म्हणाला, माझी आजी त्याच मंत्र्याकडे टायपिस्ट होती, आता ब्रुकलिनमध्ये असते. झालं, बाबा निघाले!

शनिवारी आमच्या एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, थोडं चालून क्यू ट्रेन, थेट ब्रायटन बीच. अडीच तास धरा. कार नेऊ नका, पार्किंग शोधताना जीव जातो. मॅनहॅटन ब्रिजवर उजवीकडे बसा, दृश्य झकास आहे. बाबांनी मात्र बघितलंच नाही, ते रशियनमधले प्रश्न घोकत होते.

पावेलच्या आजींनी, लिदियाआजींनी, ड्रानिकी केल्या होत्या, किसलेल्या बटाट्याची धिरडीच म्हणा, वर आंबट साय. रस्त्यावरच्या दुकानांतही स्वस्तात पोटभर मिळतात. मी चार हाणल्या.

बाबांनी वही उघडून कोणत्या गटाचा कट, कोणाची सही, असं सगळं विचारलं. आजी ऐकून घेऊन बोलल्या, शेजारी बसलेल्या पावेलने मला इंग्रजीत सांगितलं.

"कोणी नाही काढलं. राजीनामा मीच टाइप केला. बायको अंथरुणाला खिळली होती, तिच्याजवळ थांबायचं म्हणाले."

बाबांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. पुढे मंत्रीसाहेब दुधाच्या रांगेत दिसायचे, चांगले मजेत असायचे, असंही आजी म्हणाल्या. बाबांची कटावर चाळीस पानं लिहून तयार होती हो! परतीच्या गाडीत त्यांनी वही उघडलीच नाही, मला वाईट वाटलं.

घरी त्यांनी आईंना सगळं सांगितलं. आई म्हणाल्या, "मग तुम्ही राजीनामा कधी देताय?"

सोमवारी बाबांनी संघटनेला पत्र टाकलं आणि मला त्यांचं तिकीट आईंच्या तारखेचं करायला लावलं. पुस्तक अजून अर्धवटच आहे. रोज सकाळी बाबा आईंची वेणी घालतात. ती वाकडी येते, आणि आई दिवसभर तशीच ठेवतात.