पिठाला ऊब

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू घरीच पाव करतात. थंडीत पीठ फुगत नाही, म्हणून त्या बिल्डिंगभर ऊब शोधत फिरतात. बोलायच्या आधी हात लावून बघतात. आमच्या इन्व्हर्टरला, फ्रिजच्या पाठीला, नाहीतर शेंद्र्याच्या कामावरून नुकत्याच परतलेल्या माझ्या गाडीच्या बॉनेटला. "नाय, गेली ऊब," म्हणत पिठाचं पातेलं कडेवर घेऊन पुढं निघतात.

मागच्या महिन्यात मी तापानं फणफणलो होतो. काकू बघायला आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"लई भारी ताप हाय की!"

लगेच वर जाऊन पातेलं आणलं आणि माझ्या रजईत, पोटाशी सरकवलं.

"भाऊ, आता कूस बदलू नका. धक्का लागला की बसतं ते."

दुपारी पिठानं झाकण उचललं. संध्याकाळी खाली आलेला पाव एवढा हलका होता, की तोंडाला चव नसतानाही मी अर्धा संपवला.

सकाळी काकू पुन्हा हजर, पातेल्यासकट. कपाळाला तळहात लावला, मग हात उलटा करून लावला.

"उतरला व्हय?"

मला बरं झाल्याची लाजच वाटली. काकू दारापर्यंत गेल्या, थबकल्या आणि आशेनं वळल्या.

"घरात आणखी कुणाला आलाय का?"