राणीला खायला देऊ नका

आमच्या ग्रुपमध्ये कुटुंबं पाचच. प्रेडर-विली हा आजारच इतका दुर्मिळ, की चंद्रपूर-गडचिरोलीत मिळून पाच सापडली हेच खूप! किस्से मात्र पन्नास कुटुंबांचे असावेत इतके साठलेत.

आजार जनुकांतला, जन्मापासूनचा. पोट भरल्याचं मेंदूला कळतच नाही. मूल खात सुटतं, आणि आवरलं नाही तर जिवावर बेततं. माझा नचिकेत असाच गेला. ग्रुपचं काम मी सोडलं नाही.

*

सावली तालुक्यातल्या एका गावात सुमनबाईंची राणी, वय नऊ. पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर समजावलं. राणीची आजी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, आमच्या इथी पोरगं जेवत नाई म्हून दवाखान्यात नेतेत. जेवते म्हून नेनाऱ्या तुमीच पयल्या!"

*

सुमनबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं. "सून नातीले उपाशी मारून राह्यली," असं आजीनं गावभर केलं. पोलीस पाटील चौकशीला आले, राणीशी दहा मिनिटं बोलले आणि गेले. तोवर त्यांच्या खिशातला बिस्किटपुडा राणीच्या पोटात!

*

मग मी पोस्टर छापले: 'राणीला खायला देऊ नका.' दुकान, शाळा, एसटी थांबा, सगळीकडे लावले. महिन्याभरात राणीचं वजन आणखी वाढलं. शेजारणीला विचारलं, तर तीच दुखावली.

"म्या नाई देलं जी! ओट्यावर ठेवलं फक्त."

*

नचिकेत गेल्यावर सुमनबाई भेटायला आल्या. चहा झाला. निघताना म्हणाल्या, "बाई, राग नका मानू. तुमच्या स्वयंपाकघराचं कुलूप आता रिकामंच असन नं? आमचं राणीनं फोडलं."

काढून दिलं.

"दोन्ही चाब्या द्या जी."

दुसरी माझ्या जुडग्यात होती. निघायला वेळ लागला.

*

दर महिन्याला देशोदेशीच्या आईबापांचा व्हिडिओ कॉल असतो. जगभर हा आजार लोकांना कळावा, म्हणून सगळ्यांची धडपड. एकदा परदेशातल्या एका आईनं फ्रिजचं नंबरवालं कुलूप दाखवलं. सुमनबाई मला म्हणाल्या, "विचारा तिले, घरात सासू नाई काय?"

मी इंग्रजीत विचारलं. ती मागे वळून बघत हळूच म्हणाली, "आहे ना. तिला नंबर सांगितलेला नाही!"

*

गेल्या हिवाळ्यात राणीला श्वास घेता येईना. आठ दिवस दवाखान्यात काढले. खाटेशेजारून आजी हलली नाही.

त्यानंतर उन्हाळ्यात राणीच्या चुलत बहिणीचं लग्न झालं. पंगतीत राणी आजीच्या आणि माझ्या मधे, पानात मोजकंच. नवरीचे मामा जिलबी घेऊन आले.

"एकच घे, राणीबाई! लग्नात कोनी नाई म्हनते काय?"

सुमनबाई लांबून धावल्या. आजीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि मामांकडे बघितलं.

"वाढा ना, भाऊ. मंग हिच्या तेरवीलेबी वाढाले तुमीच या."

मामा ताट घेऊन मागे फिरले.

त्या पंगतीला जिलबी आलीच नाही.