साडेबाराची भेट, दीडची भरती

पौष शुद्ध प्रतिपदा. दुपारी मी ओटीवर बसून खेकड्यांच्या नांग्या बांधायच्या सुतळीचे हातभर तुकडे करत होते, तेवढ्यात प्रकल्पाच्या साहेबांचा फोन आला. उद्या साडेबाराला परदेशी पाहुणे आमचं खेकडापालन बघायला येणार होते.

प्रकल्पाचा पैसा कित्येक देशांनी मिळून काढलेल्या निधीतला. समुद्र वर चढतोय, तर किनाऱ्यावरच्या लोकांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग मिळावा, यासाठी तो आहे. दिल्ली, मुंबई, मग ओरोसचं जिल्हा कार्यालय करत तो आमच्या बचत गटापर्यंत पोचला आणि खाडीतल्या कांदळवनात जाळी-बांबूचं एक कुंपण उभं राहिलं. गटात आम्ही सोळाजणी. पहिल्या कुंपणात आठजणींचा हिस्सा. उरलेल्या आठजणी, त्यात माझी जाऊ, वर्षभर दुसऱ्या कुंपणाची वाट बघत होत्या. पाहुण्यांनी डोळ्यांनी खेकडे बघितल्याशिवाय ते मिळणार नव्हतं.

"साहेब, उद्या द्वितीया," मी म्हटलं. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दोनाची दीड, म्हणजे दीडला पूर्ण भरती. साडेबाराला बांबूंची टोकं तेवढी वर असतील. त्यांना दाखवणार काय, पाणी?"

"थांबा ताई, मोबाईलवर बघतो." जरा वेळाने म्हणाले, "एक पस्तीस."

"पाच मिनिटं तुमची. पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातला आहे, सातला आणा त्यांना."

"अहो, वेळापत्रक वरून आलंय! सकाळी सातला त्या लोकांना चिखलात उतरा म्हणून कसं सांगायचं?"

"तोंडाने. विचारलंत का त्यांना?"

विचारलं नव्हतं. सुतळी गुंडाळत बसलेली जाऊ फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पावणे गोरे आसत म्हणान भरती थांबतली काय गो?"

तासाभराने साहेबांचा निरोप आला. पाहुणे सातला यायला तयार होते.

सकाळी गाडी आली तेव्हा आम्ही गुडघाभर चिखलात होतो. एक उंच गृहस्थ, एक ठेंगणी बाई आणि दुभाषी मुलगी. गृहस्थ बांधावरच थांबले. बाईने बूट काढले, पँट दुमडली आणि सरळ आत आली. जावेने बिळात आकडी घातली, मनगट फिरवलं आणि तळहाताहून मोठा खेकडा बाहेर ओढला. अवसेनंतरचा, चांगला भरलेला. पाठ पायाखाली दाबून दोन वेढ्यांत तिने त्याच्या नांग्या आवळल्या. बाईला तेच स्वतः करून बघायचं होतं.

"बोटां सांभाळ गो बाय! एक तुटला तर तुझो देश माका जाब विचारतलो."

दुभाषी मुलीला हसू आवरेना, त्यामुळे भाषांतर उशिरा पोचलं. तोवर बाईने गाठ मारली होती. वाईट होती, पण सुटली नाही.

नऊच्या सुमाराला पाणी पोटऱ्यांना लागू लागलं. तोवर सगळ्या टोपल्या भरल्या होत्या. बांधावर चढल्यावर बाईने विचारलं, भेटीची वेळ कोणी बदलली? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एवढा प्रामाणिकपणा मला अपेक्षित नव्हता. तिने वहीत बराच वेळ लिहिलं आणि मुलीने आम्हाला वाचून दाखवलं: दुसऱ्या कुंपणाची शिफारस करते, आणि यापुढे खाडीवरच्या कुठल्याही गावी भेट ठरवताना वेळ आधी तिथल्या बायकांना विचारावी.

आठजणींनी केलेला गलका पलीकडच्या वाडीत ऐकू गेला असणार. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. ओरोसहून मंजुरी मिळाली होती. जागा आखून ठेवा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तृतीया, ओहोटी सव्वाआठला. जावेला घेऊन मी खाडीत उतरले, नव्या कुंपणाच्या चारही कोपऱ्यांवर बांबू ठोकले आणि घरी येऊन भाकऱ्या टाकल्या.